वेबअसेम्ब्ली प्लगिनांची चाचणी : उदाहरण व प्रत्युदाहरण

व्याकरणाचा नियम कितीही नेमक्या शब्दांत मांडला तरी त्याची परीक्षा उदाहरणांवरच होते, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. संगणकाच्या प्रोग्रामास हाच न्याय लागू आहे. फरक इतकाच की, येथे उदाहरणे तपासण्याचे काम दुसऱ्या एका प्रोग्रामाकडे सोपविता येते, आणि मूळ प्रोग्रामात यत्किंचित् बदल झाला की सर्व उदाहरणे पुन्हा एकवार आपोआप तपासून घेता येतात. ह्यालाच स्वयंचलित चाचणी म्हणतात. प्रस्तुत लेखात तिचा विचार एका विशिष्ट प्रकारच्या प्रोग्रामापुरता, म्हणजे वेबअसेम्ब्ली प्लगिनापुरता, करावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या पत्रिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, शुद्धलेखन-तपासणी व अक्षरजुळणी ह्यांसारखी भाषाविषयक कामे करणारे प्रोग्राम अलीकडे ह्या वाटेने जाऊ लागले आहेत, आणि अशा साधनांनी दिलेल्या आकड्यांवर आपण प्रबंध उभे करतो. प्रोग्राम बंद पडला तर ते निदान कळते तरी. तो चालू राहून चुकीचे रूप देऊ लागला तर मात्र ती चूक कोष्टकांत शिरते, कोष्टकांतून निष्कर्षांत शिरते, आणि तेथे ती सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

वेबअसेम्ब्ली ही यंत्रभाषेच्या जवळची, पण कोणत्याही एका यंत्राची नसलेली अशी भाषा आहे. तिची घोषणा २०१५ साली झाली, २०१७ साली चारही प्रमुख ब्राउझरांत ती चालू लागली, आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. सी, सी++, रस्ट अशा भाषांत लिहिलेला प्रोग्राम कंपायलरच्या साहाय्याने तीत उतरविला म्हणजे जे तयार होते त्याला मॉड्यूल म्हणतात. हे मॉड्यूल ब्राउझरात चालते, तसेच ब्राउझराबाहेर वासमटाइम, वासमर अशा रनटाइमांतही चालते. मोठ्या प्रोग्रामाने, ज्याला आपण येथे यजमान म्हणू, एखादे काम अशा मॉड्यूलकडे सोपविले म्हणजे ते मॉड्यूल त्याचे प्लगिन झाले. यजमानाने जे हाती दिले असेल त्यापलीकडे प्लगिनाला काहीही करता येत नाही. फाइल उघडणे, घड्याळ पाहणे, नेटवर्कवर जाणे, ह्यांपैकी कशालाही यजमानाच्या अनुज्ञेवाचून वाट नाही. ह्या बंदिस्तपणाचा उपयोग फायरफॉक्स ब्राउझरने २०२१ च्या अखेरीस करून घेतला. शब्दांचे शुद्धलेखन तपासणारी हन्स्पेल ही लायब्ररी आणि गुंतागुंतीच्या लिप्यांची अक्षरजुळणी करणारी ग्रॅफाइट ही लायब्ररी, ह्या दोन्ही त्याने वेबअसेम्ब्लीच्या मार्गाने कोंडून घेतल्या. काटेकोरपणे पाहता त्यांना प्लगिन म्हणता येणार नाही; परंतु त्यांच्याभोवती उभी राहिलेली सीमा तीच आहे. हार्फबझ ह्या अक्षरजुळणीच्या लायब्ररीने २०२३ मध्ये तर फॉन्टच्या पोटातच वेबअसेम्ब्ली प्रोग्राम ठेवण्याची प्रायोगिक सोय केली.

विवेचनासाठी एक छोटे प्लगिन कल्पू. त्याला नामाचे मूळ रूप व लिंग द्यावयाचे आणि त्याने त्या नामाचे सामान्यरूप परत करावयाचे. घोडा दिले असता घोड्या, भिंत दिले असता भिंती, शाळा दिले असता शाळे, कापूस दिले असता कापसा. यजमान आहे शब्दशोधाचा प्रोग्राम. तो ह्या सामान्यरूपाला ला, ने, चा इत्यादी प्रत्यय लावून भाषासंग्रहातील सर्व रूपे हुडकून काढतो व मोजतो.

आता ह्या दोघांच्या दरम्यानच्या सीमेकडे पाहू, कारण माझ्या मते चाचणीचा सर्व कस तेथेच लागतो. वेबअसेम्ब्लीच्या मूळ रचनेत ही सीमा शब्द ओलांडू शकत नाहीत. ओलांडतात त्या केवळ संख्या, ३२ किंवा ६४ बिटांच्या. घोडा हा शब्द प्लगिनाला द्यावयाचा म्हणजे यजमानाने तो प्लगिनाच्या मेमरीत बाइटांच्या रूपाने लिहावयाचा, आणि मग प्लगिनाला दोन संख्या सांगावयाच्या: शब्द कोठे सुरू होतो ती जागा, आणि त्याची लांबी. लिंगही संख्येनेच सांगावयाचे, समजा पुल्लिंगास १, स्त्रीलिंगास २, नपुंसकलिंगास ३. म्हणजे शब्द सीमेवर येताच त्याचा अर्थ गळून पडतो आणि पलीकडे तो नव्याने जोडून घ्यावा लागतो. दोन्ही बाजूंनी तो एकाच संकेताने जोडला तर ठीक. संकेतात फरक पडला तर तो वेबअसेम्ब्लीच्या प्रकार-तपासणीला दिसत नाही. तिच्या लेखी जागा, लांबी आणि लिंग ह्या तिन्ही सारख्याच ३२ बिटांच्या संख्या.

लांबी हा शब्द किती फसवा आहे ते पाहा. घोडा ह्या शब्दात युनिकोडची चिन्हे चार: घ, ओकाराची मात्रा, ड, काना. यूटीएफ-८ ह्या पद्धतीने लिहिताना देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणून तो शब्द १२ बाइटांचा होतो. यजमान जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला असेल आणि त्याने शब्दाची लांबी त्या भाषेच्या सामान्य रीतीने विचारली, तर उत्तर ४ येईल. प्लगिनाला लांबी ४ सांगितली गेली तर त्याच्या हाती घ हे अक्षर व त्यामागे एक तुटका बाइट पडेल, आणि तरीही ते काहीतरी उत्तर देईल. ह्याच प्लगिनाची चाचणी लॅटिन लिपीतील शब्दांवर घेतली तर चूक कधीच उघडकीस यावयाची नाही, कारण इंग्रजीच्या साध्या अक्षरांत बाइट आणि चिन्हे ह्यांची संख्या एकच असते. पुस्तकांतील नमुना-चाचण्या बहुधा इंग्रजी शब्दांवरच बेतलेल्या असतात. मराठी प्लगिनाला त्या जशाच्या तशा लावणे म्हणजे तालमीतल्या मातीवर पोहण्याची परीक्षा घेणे होय.

कोणी म्हणेल, मग चिन्हांची संख्या तिपटीने गुणावी. तेही चालणार नाही. शब्दाबरोबर साधी मोकळी जागा किंवा रोमन अंक आला की हिशेब बिघडतो. मोडी लिपीला २०१४ पासून युनिकोडमध्ये स्थान आहे; तिचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये चार बाइट घेते आणि जावास्क्रिप्ट त्याची लांबी दोन सांगते. दोनाची तिप्पट सहा, चार नव्हे. आणि अक्षर ह्या शब्दाचा आपला अर्थ घेतला तर आणखी एक संख्या निघते: क्षत्रिय ह्या शब्दात अक्षरे ३, युनिकोडची चिन्हे ८, बाइट २४. म्हणून चाचणीत घोडा, घोडा १ (अंक रोमन घेऊन), मोडीतील एखादा शब्द आणि रिकामा शब्द, एवढी चार उदाहरणे तरी सीमेसाठी म्हणून स्वतंत्र असावीत. सामान्यरूपाच्या नियमांशी त्यांचा संबंध नाही. ती केवळ वाहतुकीची परीक्षा आहे.

लिंगाच्या संख्येचीही हीच गोष्ट. यजमान लिहिणाऱ्याने २ म्हणजे नपुंसकलिंग धरले व प्लगिन लिहिणाऱ्याने स्त्रीलिंग, तर कोणतीही यंत्रणा तक्रार करणार नाही. येथे भाषेच्या अभ्यासकाचे जुने शस्त्र कामास येते: ज्यांत एकाच घटकाचा फरक आहे अशी जोडी. वेळ हा शब्द पुल्लिंगी घेतला तर थोड्या वेळाने; स्त्रीलिंगी घेतला तर ठरलेल्या वेळेला. शब्द तोच, लिंग वेगळे, सामान्यरूप वेगळे. वेळ व १ दिले असता वेळा, वेळ व २ दिले असता वेळे, ही जोडी चाचणीत असली की लिंगाचा संकेत परस्पर बदलण्याची शक्यता बरीच कमी होते.

ह्या सर्व चाचण्या कशावर चालवावयाच्या, हा यानंतरचा प्रश्न. प्लगिन रस्ट किंवा सी भाषेत लिहिलेले असते, आणि त्याच भाषेत, नेहमीच्या यंत्रावर, त्याची चाचणी घेणे सोपे व जलद असते. सामान्यरूपाचे नियम तपासावयास ती रीत पुरेशी आहे आणि ती टाकून देऊ नये. परंतु जे वापरात जाते ते मॉड्यूल आहे, मूळ लेखन नव्हे. आणि दोहोंचे वर्तन सर्वथा एक नसते. नेहमीच्या यंत्रावर आज जागेचा पत्ता ६४ बिटांचा असतो. वेबअसेम्ब्लीच्या प्रचलित रूपात तो ३२ बिटांचा. मोठ्या संख्यांचे जे गणित पहिल्या ठिकाणी बिनबोभाट पार पडते ते दुसऱ्या ठिकाणी ओसंडू शकते. त्याहून महत्त्वाचा भेद शून्य पत्त्याचा आहे. सी भाषेत लिहिताना रिकाम्या निर्देशकातून वाचण्याची चूक झाली तर नेहमीच्या यंत्रावर प्रोग्राम तत्काळ कोसळतो. वेबअसेम्ब्लीत मात्र शून्य हा मेमरीतील इतरांसारखाच एक वैध पत्ता आहे. तेथे जे काही पडलेले असेल ते मुकाट्याने वाचले जाते. म्हणजे ज्या चुकीने आरडाओरडा केला असता तीच येथे गप्प बसते. म्हणून माझे मत असे की, नियमांच्या चाचण्या मूळ भाषेत पुष्कळ असाव्यात, परंतु सीमेच्या चाचण्या तयार मॉड्यूलवरच, आणि प्रत्यक्षात जो रनटाइम वापरावयाचा आहे त्यावरच घ्याव्यात. शिवाय काही हजार शब्द दोन्हींकडून काढून त्यांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहावीत. जेथे भेद दिसेल तेथे दोहोंपैकी एक चुकले आहे, एवढे तरी निश्चित.

आता नियमांच्या चाचणीकडे वळू. जयादित्य व वामन ह्यांच्या काशिकावृत्तीत सूत्रांखाली उदाहरणे येतात आणि त्यांच्या जोडीने प्रत्युदाहरणेही येतात. प्रत्युदाहरण कसे निवडले जाते ते लक्षात घेण्यासारखे आहे. वृत्तिकार सूत्रातील एक पद उचलतो, हे पद कशासाठी घातले असे विचारतो, आणि ते पद नसते तर कोठे अनिष्ट रूप झाले असते ते दाखवितो. चाचणीशास्त्रात १९७८ साली डिमिलो, लिप्टन व सेवर्ड ह्यांनी जी कल्पना मांडली, तिचे बीज ह्याहून निराळे नाही. प्रोग्रामातील एखादी अट मुद्दाम काढून टाकावी अथवा उलटी करावी, आणि मग चाचण्या चालवाव्यात. एकही चाचणी नापास झाली नाही, तर त्या अटीवर पहारा ठेवणारे उदाहरण आपल्यापाशी नाही, असा त्याचा अर्थ. हिला उत्परिवर्तन-चाचणी म्हणता येईल. दोन परंपरांचा परस्परांशी काही संबंध होता असे येथे सुचवावयाचे नाही. पण पाठशाळेत पदकृत्य शिकलेल्या विद्यार्थ्याला ही रीत पहिल्या दिवशी समजते, हा अनुभव मात्र आहे.

आपल्या प्लगिनात असा नियम असेल: आकारान्त पुल्लिंगी नामाच्या अन्त्य आ-चा या होतो, उपान्त्य स असेल तर त्याचा श होऊन शा होतो, राजा, काका, दादा ह्यांसारखे शब्द ह्यास अपवाद. पुल्लिंगी ही अट काढली तर शाळा ह्याचे शाळ्या होईल. म्हणून शाळा, शाळे हे प्रत्युदाहरण हवे. स-विषयीचा भाग काढला तर पैसा ह्याचे पैस्या होईल. म्हणून पैसा, पैशा हवे. अपवाद काढला तर राजा ह्याचे राज्या होईल. हे शेवटचे प्रकरण वाटते त्याहून गंभीर आहे, कारण राज्या हे राज्य ह्या निराळ्या शब्दाचे सामान्यरूप आहे. प्लगिन येथे चुकले तर यजमान राजाला, राजाने ही रूपे सोडून देईल आणि राज्याला, राज्याने ही रूपे राजाच्या खात्यावर जमा करील. बखरींच्या शब्दसंग्रहात राजाचे उल्लेख किती, असा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला राज्याचे आकडे मिळतील, आणि ते आकडे पाहून संशय यावा असे त्यांत काहीही नसेल.

ऱ ह्या वर्णाला स्वतंत्र परिच्छेद द्यावयास हवा. आचार्यांना आणि आचाऱ्यांना ह्या रूपांतील भेद मराठीच्या प्रत्येक व्याकरणाच्या वर्गात सांगितला जातो. विद्वान आणि स्वयंपाकी ह्यांची गल्लत होऊ नये म्हणून. संगणकाच्या दृष्टीने मात्र दुसऱ्या रूपातील तो आडवा रकार निरनिराळ्या प्रकारे लिहिलेला आढळतो. कोणी ऱ ह्या स्वतंत्र चिन्हापुढे हलन्त देतो. कोणी र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देतो. शिवाय ऱ हे चिन्ह स्वतः र व नुक्ता ह्यांच्या संयोगानेही लिहिता येते. ह्यांपैकी ऱ आणि र-नुक्ता ही युनिकोडच्या नियमाने समान मानली जातात व प्रमाणीकरण केले असता एक होतात. अदृश्य जोडचिन्हाचे रूप मात्र त्या नियमात येत नाही. ते प्रमाणीकरणानंतरही वेगळेच राहते. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. प्लगिनाने आचारी ह्याचे आचाऱ्या हे सामान्यरूप ह्यांपैकी कोणत्या रीतीने द्यावयाचे, हे आधी ठरविले पाहिजे व चाचणीत बाइटनिहाय नमूद केले पाहिजे. नाही तर यजमान शोधील एक आणि संग्रहात असेल दुसरे. डोळ्यांनी दोन शब्द सारखे दिसले म्हणून चाचणी बरोबर मानणे येथे सर्वथा अयोग्य ठरते.

मेमरीविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. वेबअसेम्ब्लीची मेमरी पानापानांनी मिळते. प्रचलित रचनेत एक पान ६५,५३६ बाइटांचे. ती वाढविता येते, कमी करता येत नाही. यजमान जावास्क्रिप्टचा असेल तर मेमरी वाढताच तिच्याकडे पाहण्याची त्याची जुनी खिडकी निकामी होते व नवी घ्यावी लागते. ही गोष्ट यजमान लिहिणारा विसरला असेल तर प्लगिनाचे उत्तर त्याला रिकामे दिसेल. एकेका शब्दाच्या चाचणीत मेमरी वाढतच नाही, म्हणून ही चूक तीत सापडत नाही. त्यासाठी मुद्दाम मोठा मजकूर द्यावा. देवनागरीची २१,८४६ चिन्हे एका पानात मावत नाहीत. तेवढा मजकूर दिला की निदान तो ठेवण्यापुरते एकाहून अधिक पान लागणारच. दुसरी गोष्ट गळतीची. प्लगिनाने दिलेला शब्द वाचून झाल्यावर त्याची जागा कोणी मोकळी करावयाची, ह्याचा करार दोघांत असतो, आणि तो मोडणे फार सोपे असते. घोड्या हा शब्द १८ बाइटांचा. दर वेळी तेवढी जागा अडून राहिली तर हजार वेळांत १८,००० बाइट होतील. ते एका पानात सहज जिरून जातील व काही दिसणार नाही. दहा हजार वेळा चालविले तर १,८०,००० बाइट होतील, आणि मेमरी दोन-तीन पानांनी वाढलेली दिसेल. म्हणून अशा चाचणीत आधी थोडे चालवून घ्यावे, पाने मोजावीत, मग दहा हजार वेळा चालवून पुन्हा मोजावीत. संख्या बदलता कामा नये.

प्रत्येक चाचणीसाठी मॉड्यूलची नवी प्रत उभी करावी, असा सामान्य दंडक आहे, आणि तो योग्य आहे. एका चाचणीचे अवशेष दुसरीत येऊ नयेत. मॉड्यूल एकदाच कंपाइल करून त्याच्या पुष्कळ प्रती काढता येत असल्याने हे महागही पडत नाही. मात्र वापरात यजमान एकच प्रत दिवसभर चालवितो. तेव्हा काही चाचण्या मुद्दाम एकाच प्रतीवर, एकामागून एक घ्याव्यात: राजा, मग राज्य, मग पुन्हा राजा. पहिले व तिसरे उत्तर निराळे आले तर प्लगिनाच्या पोटात मागच्या शब्दाचे काहीतरी उरले आहे.

प्लगिनाला बाहेरून जे लागते ते त्याच्या आयातीच्या यादीत स्पष्ट लिहिलेले असते. चाचणीच्या दृष्टीने हे मोठे सुदैव आहे. आपल्या प्लगिनाला अपवादांचा कोश यजमानाकडून मिळत असेल, तर चाचणीत खऱ्या कोशाच्या जागी पाच शब्दांचा बनावट कोश पुरविता येतो. कोश शब्द देत नाही, चुकीचा शब्द देतो, कधीच संपत नाही अशी सोंगेही आणता येतात. घड्याळ लागत असेल तर थांबलेले घड्याळ देता येते. परंतु ही यादी स्वतःच तपासली पाहिजे, आणि मी तर म्हणेन की सर्वांत पहिली चाचणी तीच असावी: मॉड्यूल न चालविता त्याची आयात व निर्यात वाचावयाची आणि ठरलेल्या यादीशी ताडावयाची. कारण ही यादी लेखकाच्या नकळत वाढते. रस्ट भाषेतील नेहमीचा कोशप्रकार वासी ह्या पर्यावरणासाठी कंपाइल केला, तर तो यादृच्छिक संख्या मागणारी एक आयात बरोबर घेऊन येतो. यजमानाने ती पुरविलेली नसेल तर प्लगिन सुरूच होत नाही. कंपायलर बदलल्यानेही असेच घडते. २०२४ मध्ये रस्टच्या नव्या आवृत्तीने वेबअसेम्ब्लीची दोन नवी वैशिष्ट्ये गृहीत धरावयास सुरुवात केली. प्लगिनाच्या लेखनात अक्षराचाही बदल न करता तयार झालेले मॉड्यूल जुने रनटाइम नाकारू शकतात, अशी स्थिती त्यामुळे आली. म्हणून ज्या सर्वांत जुन्या यजमानावर प्लगिन चालावयास हवे तो चाचणीत हजर असावा.

आतापर्यंत आपण प्लगिनाची परीक्षा पाहिली; यजमानाचीही घेतली पाहिजे. सीमेपलीकडून येणारी प्रत्येक संख्या संशयास्पद मानावी, हे तत्त्व फायरफॉक्सच्या उपर्युक्त योजनेत प्रकार-व्यवस्थेतच बसविलेले आहे. आपल्याला तेवढे करता आले नाही तरी दुष्ट प्लगिने लिहून यजमानावर सोडता येतील. वेबअसेम्ब्लीचे एक लिखित रूप आहे, त्यात अशी प्लगिने चार-पाच ओळींत हाताने लिहिता येतात: एक जे मेमरीबाहेरचा पत्ता परत करते, एक जे उत्तराची लांबी दोन अब्ज सांगते, एक जे अर्धवट तुटलेले यूटीएफ-८ देते, एक जे चक्रात अडकून कधीच परतत नाही. ह्या शेवटच्यासाठी वासमटाइममध्ये इंधनाची सोय आहे. प्लगिनाला मोजके इंधन द्यावयाचे. प्रत्येक क्रियेगणिक ते घटते, आणि संपले की काम सक्तीने थांबते. घड्याळाने थांबविण्यापेक्षा हे चाचणीस सोयीचे, कारण त्याच मॉड्यूलला, त्याच रनटाइमवर, त्याच शब्दासाठी दर वेळी तितकेच इंधन लागते. यंत्र मंद की जलद, ह्याने फरक पडत नाही.

असे सक्तीने थांबणे, ज्याला ट्रॅप म्हणतात, हे चुकीच्या उत्तराहून निराळे आहे आणि चाचणीत ते निराळेच नोंदविले पाहिजे. वेबअसेम्ब्लीच्या मानकाबरोबर जो अधिकृत चाचणीसंच येतो त्यात निर्णयाचे भेद काळजीपूर्वक राखले आहेत: अमुक उत्तर आले पाहिजे, ट्रॅप झाला पाहिजे, मॉड्यूल वाचता येते पण प्रकारदृष्ट्या अवैध ठरले पाहिजे, मॉड्यूल मुळात वाचताच येऊ नये. जी वाक्यरचनाच नव्हे, जी आहे पण अव्याकरणिक आहे, आणि जी व्याकरणशुद्ध असूनही प्रसंगी फसते, असे भेद आपणही करतो. तारांकित वाक्य एकाच प्रकारचे मानणाऱ्या विद्यार्थ्याला आपण जे सांगतो, तेच येथे सांगावयाचे. ट्रॅपनंतर ती प्रत टाकून द्यावी, कारण तिची मेमरी अर्धवट बदललेली असू शकते. यजमान खरोखरीच ती टाकतो व पुढच्या शब्दाला नव्या प्रतीवर योग्य उत्तर देतो, हेही एका चाचणीने पाहावे.

जानेवारी २०२४ मध्ये वासीची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर घटक-रचनेचा पाया स्थिर झाला. तीत शब्द, यादी, पर्याय असे प्रकार सीमेवरच घोषित करता येतात, आणि जागा व लांबी ह्यांची वाहतूक साधने स्वतः करतात. लिंगासाठी १, २, ३ ऐवजी नामनिर्देशित पर्याय देता येतात. वर वर्णिलेल्या चुकांपैकी पुष्कळ त्यामुळे मुळातच टळतात, आणि नवे काम हाती घेणाऱ्याने ती रचना अवश्य पाहावी. ऱ-चा प्रश्न, राजाचा प्रश्न आणि मागच्या शब्दाच्या अवशेषांचा प्रश्न मात्र तिने सुटत नाहीत.

क्लासेन व ह्यूझ ह्यांनी २००० साली क्विकचेक ह्या साधनाने रूढ केलेली रीतही येथे उपयोगी आहे. तीत एकेक उदाहरण न देता गुणधर्म सांगावयाचा, आणि शेकडो शब्द यंत्राने बनवून त्यांवर तो पडताळावयाचा. प्रमाणीकरण केलेला व न केलेला शब्द दिला असता उत्तरे प्रमाणीकरणानंतर समान यावीत. कोणत्याही बाइटांच्या ओळीवर प्लगिनाने एक तर वैध यूटीएफ-८ द्यावे किंवा ठरलेला दोष-क्रमांक द्यावा. हे दोन गुणधर्म मराठीचे काहीही न जाणता तपासता येतात. सामान्यरूप बरोबर आहे की नाही, हे मात्र कोणताही गुणधर्म सांगू शकत नाही.

त्यासाठी अपेक्षित उत्तरांची सूची लागते, आणि ती कोणी करावयाची हा कळीचा मुद्दा आहे. प्रचलित साधनांत एक मोहक सोय असते: प्लगिन एकदा चालवावे, जी उत्तरे येतील ती अपेक्षित उत्तरे म्हणून साठवावीत, आणि पुढे त्यांच्याशी तुलना करीत राहावे. काही बदलले की नाही, एवढे कळण्यासाठी ती ठीक आहे. पण पहिल्या दिवशी राजाचे सामान्यरूप राज्या असे साठविले गेले असेल, तर पुढे कोणी ते दुरुस्त करील तेव्हा चाचणी त्यालाच दोषी ठरवील. म्हणून सूची प्लगिन लिहिणाऱ्याने करू नये. मराठीच्या अभ्यासकाने, प्लगिनाचे उत्तर न पाहता, हाताने करावी. दोन-तीनशे शब्द पुरतात, जर ते नियमांच्या प्रत्येक पदासाठी उदाहरण व प्रत्युदाहरण अशा जोडीने निवडले असतील. जेथे दोन रूपे प्रचारात आहेत तेथे दोन्ही नोंदवावीत, आणि प्लगिनाने कोणते द्यावयाचे ते कारणासह लिहावे. ह्या विभागातील विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर वर्गासाठी केलेल्या रूपावलीच्या वह्या कपाटांत पडून आहेत. अशी सूची करावयास आरंभ त्यांपासून करता येईल, मात्र त्यांतील आडवा रकार कोणत्या रीतीने टंकित करावयाचा हे पहिल्याच पानावर ठरवून.